उसणीवरचा पाय

उत्तरेश्वर पेठ, कोल्हापूर
१९ सप्टेंबर १९९७

सांगणार शिवगंगा, लिहिणार कृष्णात.

सौंदे,

मी बोलते तसंच लिहायचं, असं कृष्णातला बजावलंय. मागच्या पत्रात त्यानं शेवटी 'आपली कृपाभिलाषी' असं काहीतरी घुसडलं हुतं म्हणं. मी कुणाची कृपा मागायला गेलते? दिवसभर शिरोलीच्या एमआयडीसीत लोखंड वितळवायचं आणि संध्याकाळी माडीवरनं खाली येऊन माझं बोलणं वितळवायचं, असा हा माझा भाडेकरू. आता नीट लिहितोय. त्याच्या बायकोनं, तानाबाईनं, चहा दिलाय, त्या चहाच्या लालचीनं.

तुला सातवा सरत आला. आता यायचं बघ. मधल्या खोलीला चुना दिलाय. बाजेची दोरी आवळून घेतली. डिंक आणला, खारीक आणली, आळीव आणलं. तुझ्या आईला त्याच खोलीत बाळंत केलं, तिथंच तू झालीस, आणि ती तापात गेल्यावर तिथंच तुला दूध-भात भरवून एवढी घोडी केली. तवा पोराचं पहिलं रडणं मी त्या खोलीत ऐकणार. तुझ्या सासूला म्हणावं, नंतरचं सगळं तुझं, पहिलं बाळंतपण माझं.

गल्लीत सध्या उसणीची साथ हाय. हसू नकोस, साथच हाय. विसर्जनाच्या मिरवणुकीत तालमीतली दांडगी पोरं बरगडी धरून एकेक करत कट्ट्यावर बसली. श्वास घेतला की सुरी खुपसल्यागत कळ. शिंक आली तर डोळ्याला पाणी. अंगात कणकण. हसलं तरी दुखतंय म्हणून कुणी हसत न्हाय, त्यामुळं मला बोलायला माणूसच उरलं न्हाय.

पण माझे दिवस आल्यात. तुला ठाऊक हाय, मी पायाळू. अव्वाच्या पोटातनं डोक्याऐवजी पायाकडनं आले. पायाळू माणसाचा पाय लागला की उसण जाते, हे सगळ्या कोल्हापुराला ठाऊक, पण एवढी वर्षं माझ्या पायाला कुणी विचारलं न्हाय. वर्षाकाठी एखादा कमरेत लचकलेला यायचा. आता रोज सकाळी उंबऱ्याशी रांग. उपाशीपोटी यायचं, माझ्याकडं पाठ करून बसायचं. मी डाव्या पायाचा अंगठा तीनदा लावते, तिसऱ्यांदा जरा ढकलते. आधी लाथ खायची आणि मग त्याच पायाला हात लावून नमस्कार करायचा. चार-पाच दिवसांत माणूस खडखडीत. तुझा आज्जा जन्मभर म्हणायचा, तुला नुसते पाय पसरून बसायला येतंय. आज असता तर त्यालाबी रांगेत बसवलं असतं.

लवकर ये. पत्र वाचल्या वाचल्या लिही. फोन नको, त्यात मला नुसता वारा ऐकू येतो.

आज्जी


वारणानगर
२५ सप्टेंबर १९९७

आज्जी,

तुझं पत्र वाचून ह्यांना हसू आवरेना. मला म्हणाले, तुझी आज्जी लाथा मारून पुण्य कमावते. पण मी हसले आणि मग धसकले.

काल तपासणीला गेले तेव्हा वसाहतीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, ही तुमची नेहमीची उसण नाही. हा एक विषाणू आहे. पावसाळा सरताना अशा साथी येतात. हातातून, पाण्यातून, खोकल्यातून एकाचा दुसऱ्याला लागतो आणि दोन बरगड्यांच्या मधे जे स्नायू असतात त्यांना सूज आणतो. म्हणून श्वास घेतला की भोसकल्यासारखं होतं. त्याला खास औषध नाही. तापाची गोळी, गरम शेक आणि पडून राहणं. आठवडाभरात आपलं आपण जातं. मधेच बरं वाटतं आणि परत उलटतं, असंही होतं.

म्हणजे आज्जी, तुझा पाय लावला नाही तरी जातंच. रागावू नकोस.

पुढचं कृष्णातमामानं नीट वाचून दाखवावं. हा विषाणू लाखात एखाद्याच्या हृदयाला जाऊन बसतो. बरगडीतलं दुखणं वेगळं आणि ते वेगळं. दम लागायला लागला, आडवं झोपवेना, छातीत धडधडलं, पायावर सूज आली, तर ती उसण समजायची नाही. सरळ मोठ्या दवाखान्यात जायचं.

आणि माझं. नुकत्या जन्मलेल्या बाळाला हा विषाणू लागला तर बाळ दगावू शकतं. म्हणून गल्लीत साथ असेपर्यंत जाऊ नका, असं त्या म्हणाल्या. मी घरी येऊन रडले. इथं सासूबाई सगळं करतात, पण रात्री पाय दुखले तर सांगायला लाज वाटते. मला तिथंच यायचं आहे. साथ गेली का ते खरं खरं कळव. आणि त्या रांगेतल्या प्रत्येकाला आधी साबणानं हात धुवायला सांग, स्वतःही धू.

तुझी
सौंदर्या


उत्तरेश्वर पेठ
३ ऑक्टोबर १९९७

सांगणार शिवगंगा, लिहिणार कृष्णात.

सौंदे,

तुझ्या डॉक्टरीणबाईला माझा नमस्कार सांग. पाय लावला न्हाय तरी जातंय म्हणाली. मग तिच्या गोळ्या घेतल्या न्हायीत तरी जात असणार की. पण तिची फी कुणी बुडवत न्हाय, माझी मात्र पोरी तू बुडवलीस.

पत्र कृष्णातनं दोनदा वाचलं. हृदयाचं ते तिसऱ्यांदा वाचायला लागला तवा मी म्हटलं, पुरे, ह्या गल्लीत हृदय कुणाला हाय? तो इतका हसला की बरगडी धरून बसला. कारण त्यालाबी भरली हुती. आदल्याच दिवशी भट्टीवरनं आला तो भिंत धरत. तानाबाई घाबरली. मी म्हटलं, बस उंबऱ्यात. तीनदा अंगठा लावला. दोन दिवस पडला, तिसऱ्या दिवशी उठून कामावर. आता लिहितोय ते तुला दिसतंयच, अक्षर जरा तिरकं आलंय तेवढंच. हे तुझ्या डॉक्टरीणबाईला दाखव.

साबणाचं मात्र ऐकलं. उंबऱ्याशी वडी ठेवलीय. पहिल्या दिवशीच कुणीतरी पळवली. दुसरी दोरीनं बांधलीय.

आता गल्लीतली साथ गेली. सगळी चांगली झाली. तालीम परत सुरू झाली, पोरं सकाळी जोर मारताना हुंकारत्यात ते इथपर्यंत ऐकू येतंय. तू दसऱ्यानंतर निघून ये. सोमशेखर जावयाला म्हणावं, सोडायला ये, जेवून जा, तुला लाथ मारणार न्हाय.

तुझ्याशिवाय ती बाज मोकळी बघवत न्हाय. दुपारी मीच जाऊन पडते तिच्यावर.

आज्जी

(सौंदर्या, पुढचं आज्जींनी सांगितलेलं नाही. त्यांच्या स्वतःच्या कुशीत तीन दिवस कळ आहे. पाठ टेकता येत नाही. स्वतःच्या बरगडीला स्वतःचा पाय पुरत नाही म्हणून मला शिव्या देतात. गल्लीतही अजून दोन-तीन जण पडून आहेत. लिहू नको म्हणाल्या, म्हणून कंसात लिहिलं. – कृष्णात)


वारणानगर
९ ऑक्टोबर १९९७

आज्जी,

तुझं वाचलं आणि तू न सांगितलेलंही वाचलं. ह्याबद्दल मामाला काही बोलायचं नाही.

एवढं दुखत असताना तुझ्या अंथरुणाशी कोण आहे? तानामामी स्वतःचं बघेल की तुझं? मी ठरवलंय. १९ तारखेला रविवारी येते. ह्यांना सुट्टी आहे, सकाळच्या एसटीनं सोडायला येतील. त्यांना पसंत नाही. दोन दिवस माझ्याशी जेवणापुरतंच बोलतात. डॉक्टरीणबाईंना मी परत विचारलं नाही, कारण विचारलं तर त्या नको म्हणणार. तोपर्यंत सगळे बरे होतील असं मनात धरून निघते. माझ्या आईनं जिथं मला जन्म दिला तिथं माझं मूल व्हावं, एवढं तरी माझं ऐकलं जाऊ दे.

मामा, तुमची कळ पूर्ण गेली ना? बरं वाटलं तरी आठ-दहा दिवस जड उचलायचं नाही, असं बाईंनी पहिल्याच वेळी सांगितलं होतं. मी लिहायला विसरले होते. भट्टीवर जरा सांभाळून.

आज्जी, रविवारी पोळ्या करू नकोस. मी आल्यावर करीन, तू बाजेवर बसून नावं ठेव.

सौंदर्या


१४ ऑक्टोबर १९९७

सौ. सौंदर्यास,
येऊ नये. घराला रंग काढला आहे. वास सोसणार नाही. तिथेच बाळंत हो. काळजी नसावी.
आज्जी


वारणानगर
२० ऑक्टोबर १९९७

आज्जी,

गुरुवारी तुझं कार्ड आलं तेव्हा माझी पिशवी भरून दाराशी ठेवलेली होती.

घराला रंग काढला म्हणतेस. खोलीला चुना दिला असं तूच मागं लिहिलं होतंस. आणि 'येऊ नये', 'काळजी नसावी', ही तुझी भाषा नाही. अक्षरही मामाचं नाही. कुणाकडून लिहून घेतलंस? वर 'सांगणार, लिहिणार' असंही नाही. तेवढं एक कार्ड मी कितीदा उलटंसुलटं करून पाहिलं.

मी पायाबद्दल लिहिलं त्याचा राग आला का? तसं असेल तर सांग. तू लाव पाय सगळ्या कोल्हापूरला, मी काही बोलणार नाही. की ह्यांनी माझ्या नकळत तुला येऊन सांगितलं? विचारलं तर नाही म्हणाले, आणि पिशवी स्वतः परत कपाटावर ठेवली. सासूबाई म्हणाल्या, म्हाताऱ्या माणसाला झेपत नसेल, सांगायला जड गेलं असेल. मी त्यांच्याशी भांडले.

तू मला लहानपणी रागावून बाहेर बसवायचीस, पण दार कधी लावून घ्यायची नाहीस. आज लावलंस.

मामाला सांग दोन ओळी लिहायला. तो निदान कंसात तरी खरं लिहितो.

सौंदर्या


उत्तरेश्वर पेठ
१० नोव्हेंबर १९९७

सांगणार शिवगंगा, लिहिणार तानाबाई.

सौंदे,

वरची ओळ वाचलीस ना. आता बसून घे. पोटाला हात लावून बस आणि सावकाश वाच.

कृष्णात गेला. दसरा झाला आणि सोमवारी गेला. तुला तसल्या दिवसांत कळवू नये असं मीच ठरवलं. कार्ड कोपऱ्यावरच्या बाळासोनं लिहिलं. तो दुकानाच्या पाट्या रंगवतो, त्याला माणसासारखं लिहिता येत न्हाय. दिवाळीत आकाशकंदील लावला न्हाय. तानाबाई इतके दिवस खाली आली नव्हती. काल आली. तुझं पत्र फळीवर न उघडता पडलं हुतं. तिनं घेतलं, वाचलं, आणि मग म्हणाली, सांगा आज्जी, काय लिहायचं ते. मी म्हटलं, तुला जमंल का? म्हणाली, पाचवीपर्यंत शिकलीय.

तवा आता सांगते, आणि ती लिहितीय.

त्याची उसण गेली हुती. मग खंडेनवमीला कारखान्यात भट्टीची, हत्यारांची पूजा. त्यानं आदल्या दिवशी वाळूचे साचे उचलून जागा मोकळी केली. घरी आला तो दमलेला. मी म्हटलं, सणाचा आळस आलाय तुला. सोनं द्यायला आला तवाबी जिन्यात मधेच थांबला. मी म्हटलं, आता तूबी माझ्या वयाचा झालास.

सोमवारी सकाळी कामावर जायच्या आधी उंबऱ्यात उभा. अनवाणी. चप्पल काखेत. मी म्हटलं, काय रे, अनवाणी आलास, मी काय अंबाबाई हाय व्हय? तो हसला. हसू अर्ध्यात तुटलं. म्हणाला, आज्जी, परत भरलीय, रात्र भिंतीला टेकून बसून काढली, आडवं झालं की गुदमरतंय. मला वाटलं, उलटली. उलटते असं तूच लिहिलं हुतंस. मी म्हटलं, बस. त्याला बसायलाबी जमेना, चौकटीला धरून वाकला. मी अंगठा लावला. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा ढकलला.

(आज्जी थांबल्या. मीपण थांबले. आता पुढं.)

'बरं वाटलं', असं म्हणाला. माझ्या पायाला हात लावला आणि गेला. कोपऱ्यावरच्या बस थांब्यापर्यंत गेला. तिथल्या बाकावर बसला तो उठलाच न्हाय. तालमीतल्या पोरांनी उचलून दवाखान्यात नेलं. तिथं सांगितलं, हृदयाच्या स्नायूला सूज आली हुती, त्याच विषाणूनं.

आणि आता हे ऐक. तो अनवाणी का आला ते मला संध्याकाळी कळलं. त्याला घरी आणल्यावर पाय बघितले. सुजून एवढे झालते की चप्पल चढत नव्हती. म्हणून काखेत घेतलेली. सौंदे, मी त्या सकाळी माझ्या पायाकडं बघत हुते. अंगठा नीट लागतोय का ते बघत हुते. त्याच्या पायाकडं बघितलंच न्हाय. पायावर सूज आली तर, हे तू लिहिलेलं, त्यानंच मोठ्यानं वाचलेलं. आम्ही दोघं हसलो हुतो.

गल्ली मला काही बोलत न्हाय. त्याचंच जास्त वाईट. लोक म्हणत्यात, कृष्णातला उसण नव्हतीच, आज्जींच्या पायाचा काय दोष. बाराव्याच्या दुसऱ्या दिवशी एक बाई पोरीला घेऊन आली, पाय लावा म्हणून. मी पाय गोधडीत घातले. म्हटलं, दवाखान्यात ने. ती रुसून गेली, म्हातारीला गर्व चढला म्हणत.

तू आली न्हाईस ते चांगलं झालं. दार मी लावलं, व्हय. आतमधी काय हुतं ते तुला आता कळलं. आता गल्लीत कुणाला कळ न्हाय, हे खरं सांगते, पण तुझे दिवस भरत आले. आता एसटीचे हादरे नकोत. तिथंच हो. माझं एक काम कर. डॉक्टरीणबाईला विचार, तिसऱ्यांदा ढकलला ते नडलं का.

आज्जी

(सौंदर्या, हे मी माझं लिहिते. ते कंसात लिहायचे म्हणून मीपण कंसात. आज्जी म्हणतात पाय मी लावला. पण खाली आज्जींकडे त्यांना मीच पाठवलं. ते म्हणत होते, आज दवाखान्यात जाऊ का. मी म्हटलं, सणाची सुट्टी झाली, लगेच रजा कशाला, आधी पाय तर लावून घ्या, मागच्या वेळी बरं वाटलं होतं. हे आज्जींना अजून सांगितलं नाही. तू सांगू नकोस. मी सांगेन. – तानाबाई)


वारणानगर
४ डिसेंबर १९९७

आज्जी आणि तानामामी,

तुमचं पत्र आलं त्या दिवशी मी काही खाल्लं नाही. मामानं माझ्या दहावीच्या निकालाला पेढे वाटले होते, स्वतःच्या पोरीचा निकाल असल्यासारखे. मी त्याला 'सांभाळून' असं लिहिलं, पण ते दोन आठवडे उशिरा लिहिलं. जड उचलायचं नाही हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. हे मी कुणाला सांगू?

आज्जी, तू विचारायला सांगितलंस ते विचारलं. बाई म्हणाल्या, पायानं काही झालं नाही. आधी जे बरे झाले ते पायानं झाले नाहीत, आणि हेही पायानं झालं नाही. मग मी विचारलं, त्या सकाळी थेट दवाखान्यात गेला असता तर? त्या बराच वेळ माझ्या कागदावर काहीतरी लिहीत राहिल्या. मग म्हणाल्या, सांगता येत नाही. तुला खोटं सांगायचं नाही म्हणून तेवढंच लिहिते.

आता दुसरी गोष्ट. २६ नोव्हेंबरला मुलगी झाली. मी बरी आहे, तीही बरी आहे. रंगानं तुझ्यावर गेली आहे, म्हणजे सासूबाईंनी ते दोनदा बोलून दाखवलं. पहिल्यांदा रडली तेव्हा तुझी मधली खोली आठवली.

सोपं नव्हतं. आज्जी, ती पायाकडून आली. बाईंनी फार सांभाळून काढली. एक पाय आधी बाहेर आला आणि नर्स माझ्याकडे बघून म्हणाली, तुझी पोरगी चालतच आली. आत मी, बाई आणि नर्स एवढेच होतो. सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही, ह्यांनाही नाही. आधी तुला सांगावं वाटलं. ऐकून तुला बरं वाटेल की कसं, ते मला कळत नाही.

खाली तिच्या पायाचा ठसा उमटवला आहे, कुंकवात बुडवून. ती फार ओरडली. पत्रातला एवढा भाग तुला कुणाकडून वाचून घ्यावा लागणार नाही.

संक्रांतीनंतर येते. तेव्हा दार उघडं ठेव.

सौंदर्या


उत्तरेश्वर पेठ
१३ डिसेंबर १९९७

सांगणार शिवगंगा, लिहिणार तानाबाई.

सौंदे,

ठसा बघितला. तानाबाई वाचायला लागायच्या आधीच बघितला. कागद उलटा धरला हुता असं ती म्हणते, पण पायाला उलटं-सुलटं काय, पाच बोटं मोजली आणि झालं. अंगठा जाड हाय. माझाच.

डॉक्टरीणबाईचं ऐकलं. पायानं काही झालं न्हाय म्हणाली. मग एवढी माणसं उंबऱ्यात बसली, उठली, पाया पडली, त्यात मी नुसती पाय हलवत बसले हुते. तुझा आज्जा बरोबर बोलायचा. खरं सांगू का, पोरी, मला ते दिवस लई आवडले हुते. सकाळी उठलं की कुणाला तरी आपली गरज हाय, असं कधी वाटलंच नव्हतं. म्हणून तुझं पत्र ऐकूनबी ऐकलं न्हाय.

तानाबाईनं मला तिचं सांगितलं. काल, पीठ मळता मळता.  ती पुढं मळत राहिली, मी बघत राहिले. मग म्हणाली, कणीक सैल झाली. मी म्हटलं, हुईना का. दोघींनी सैल चपात्या खाल्ल्या.

आता नीट ऐक. पोरगी पायाळू हाय हे कुणाला सांगू नकोस. सासूला न्हाय, नवऱ्याला न्हाय. नर्सला साडी दे आणि विसरायला सांग. कुणी विचारलं तर म्हण, डोक्यानं आली, सगळ्यांसारखी आली. माझ्या अव्वानं साऱ्या गावाला कौतुकानं सांगितलं, म्हणून माझा पाय मला कधी माझा वाटला न्हाय. मी पाळण्यात हुते तवा कमरेत लचकलेली माणसं येऊन माझा पाय स्वतःच्या पाठीला लावून घ्यायची, असं अव्वा सांगायची. तुझ्या पोरीनं तो पाय चिखलात घालावा, कुणाला लागला तर माफी मागावी, पैंजण घालावं. कुणी बरगडी धरून तिच्या दारात उभं राहिलं, तर तिनं पहिल्यांदा त्याच्या पायाकडं बघावं. एवढं मात्र तिला शिकव.

कागद पानाच्या डब्यात ठेवलाय, झाकण लावून. दुपारी काढते आणि बघते. पायाला हात लावायची सवय लोकांनी मला लावली, आता मी त्या ठशाला लावते. तेवढं कुंकू थोडं पुसलं गेलंय.

संक्रांतीनंतर ये. दार उघडंच हाय. बाजेवर तानाबाईनं मिरच्या वाळत घातल्यात, त्या काढते.

आज्जी

(सौंदर्या, वरचं सगळं मी लिहिलं आहे. मुलीच्या पायाचं जे आहे ते मी फक्त लिहिलं, ऐकलेलं नाही. – तानाबाई)